गिरदावरांच्या आतल्या खोलीचा गिलावा

गिलावा पडला की लोक गिलाव्याला नावं ठेवतात. आपणहून पडलेला गिलावा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. त्याला कुणीतरी पाडतं. वरून गळणारं पाणी पाडतं, खालून चढणारी ओल पाडते, मीठ पाडतं. लई वेळा तर घरधनीच पाडतो आणि वर मिस्त्रीला बोलावून विचारतो, असं झालंच कसं?

कळंबला एका आडत्याच्या घरात नव्या सुनेच्या खोलीची भिंत सारखी फुगायची आणि गळून पडायची. भिंतीवर पिठासारखी पांढरी पूड. सासू येईल-जाईल त्याला सांगायची, हिचा पायगुणच तसला. पोरगी रडून अर्धी झाली होती. मी ती पूड बोटावर घेतली, जिभेला लावली आणि सासूबाईंना म्हणाले, तुम्ही पण बघा. त्यांनी चाखली आणि थुंकल्या. खारट! लग्नाआधी त्या खोलीत वर्षानुवर्षं मिठाच्या पोत्यांची थप्पी भिंतीला टेकवून ठेवलेली. पोती हलवली, खोली सारवली, सून आणली. पण भिंतीनं पिऊन ठेवलेलं मीठ कुठं जाणार? याला आम्ही लोणा म्हणतो. सासूनं सुनेची माफी मागितली नाही. पण त्या दुपारी चहाची कपबशी तिनं स्वतः सुनेच्या हातात नेऊन दिली, ती मी पाहिली.

तुळजापूरला एक गुरुजी होते. नवरात्राला पाहुणे यायचे म्हणून त्यांनी ओल्या गिलाव्यापुढं शेगड्या पेटवून ठेवल्या. चुन्याचा गिलावा ओला ठेवायचा असतो, भिजलेली पोती लावून जपायचा असतो. यांनी तो पापडासारखा भाजला. दुसऱ्या दिवशी भिंतीला उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा. "हे कुणी केलं?" मी विचारलं. गुरुजींनी बायकोकडं बोट दाखवलं, बायकोनं गुरुजींकडं.

असं किती सांगू. मी सांगते आणि माझी सून लिहून घेते. ती शाळेत शिकवते. माझ्या 'लई'चं तिनं 'खूप' करून टाकलं होतं, मी परत 'लई' करायला लावलं. पण ज्यांच्या दिवाळी अंकासाठी हे लिहितोय त्या अंकवाल्यांना हवं होतं ते दुसरंच. बाईमाणसाच्या हातात गवंड्याची करणी आली कशी, हे त्यांनी विचारलंय. ते सांगायचं तर गिरदावर साहेबांच्या घरात जावं लागतं.

निजामाचं संस्थान भारतात आलं त्याला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. आम्ही धाराशिवला राहायचो. कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. आमचे मालक, म्हणजे माझे नवरे नागनाथ, गावातले नावाजलेले गवंडी. मी, शेवंता, त्यांच्या हाताखाली चुना करायची. भट्टीतून चुन्याचे पांढरे खडे यायचे. ते हौदात टाकून पाणी सोडलं की पाणी उकळायला लागतं, वाफा निघतात, खडे फुटतात आणि विरतात. तो विरलेला चुना मुरवायचा. मग त्यात वाळू आणि विटांची पूड, जिला सुरखी म्हणतात, घालून बैल फिरवतो त्या दगडी घाणीत दळायचा. वरून गुळाचं पाणी. बोटाला लोण्यासारखा लागला म्हणजे झाला. हे सगळं बायकांचं काम. त्यापुढं करणी, म्हणजे गवंड्याचं ते लोखंडी पान, ते पुरुषांच्या हातात. अशी वाटणीच होती, आणि ती कुणी केली हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

एके दिवशी हौदात पाणी सोडताना एक मोठा खडा फुटला आणि उकळता चुना मालकांच्या तोंडावर उडाला. कुणाची चूक म्हणावी अशी नव्हतीच. मी पदरानं पुसलं, घागरीच्या घागरी पाणी ओतलं, दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांवर पांढरी साय धरली. काही दिवस उजेड-अंधार कळायचा, मग तोही कळेना.

त्यानंतर वर्षभर ते घराबाहेर पडले नाहीत. दाढी वाढली. करणी खुंटीला टांगलेली. कुणी काम घेऊन दारात आलं तर आतूनच ओरडायचे, "सांग त्यांला, मिस्त्री मेला म्हणून." मी दुसऱ्यांच्या कामावर पाट्या वाहायला जायची. घरी आले की माझ्या हाताला चुन्याचा वास यायचा आणि ते तोंड फिरवायचे.

अशात गिरदावर साहेब आमच्या दारात आले. गिरदावर म्हणजे निजामाच्या वेळचा महसूल खात्यातला अंमलदार, गावोगाव फिरून पिकं-जमिनी तपासणारा. साहेब कधीच निवृत्त झाले होते. उंच, बारीक, पांढरी दाढी, बोलणं लई अदबीचं. संस्थान गेलं त्या गडबडीच्या काळात ते कुटुंब घेऊन हैदराबादेला नात्यागोत्यात जाऊन राहिले होते. घर बंद. परत आले तर माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, कमरेएवढं गवत, पन्हाळ तुंबलेलं, सगळं पावसाचं पाणी भिंतीत उतरलेलं. आमच्याकडं भिंती बहुतेक दगडमातीच्या. त्यांचं घर मात्र जोत्यापासून वर भाजक्या विटांचं, चांगलं हातभर जाड. त्यांनी माळवद दुरुस्त केलं आणि आतल्या खोलीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. तेव्हा सिमेंट नवं होतं. सिमेंट लावलं म्हणजे चिंता मिटली असं सगळ्यांनाच वाटायचं, आम्हा गवंड्यांना सुद्धा. दोन पावसाळ्यांत त्याच्या ढलप्या सुटायला लागल्या. एक ढलपी त्यांच्या बीबींच्या, हलीमाबींच्या, उशीवर पडली. त्या नमाजाला उठल्या होत्या म्हणून वाचल्या.

साहेब म्हणाले, "पोरगा हैदराबादेत नोकरीला आहे. म्हणतो, घर विका आणि इकडं या. बीबी म्हणते, मी इथून हलणार नाही. पण भिंत डोक्यावर पडत असली तर मी तिला कसं ठेवू?"

"मग गवंडी लावा की, साहेब," मी म्हणाले.

"तिथंच अडलंय. ती खोली बायकांची. मागच्या वेळी सगळ्या परांड्याला पाहुण्यांकडं गेल्या होत्या. आता माझी थोरली बहीण अंथरुणाला खिळलीय, हलवता येत नाही. परका माणूस आत नेऊ कसा? कुणी सांगितलं, नागनाथ मिस्त्रीची बायको लई वर्षं त्याच्या हाताखाली होती. बाई, तुम्हाला गिलावा येतो का?"

मी "व्हय" म्हणून बसले.  साहेब गेल्यावर मालक म्हणाले, "व्हय म्हणालीस?"

"व्हय."

"करणी धरलीस कवा?"

"तुमी जेवायला बसल्यावर. कुठं खालच्या अंगाला, कुठं चुलीमागं. तुमच्या ध्यानात यायचं न्हाय."

"चुलीमागं!" ते हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.  सकाळी मी निघाले तर काठी घेऊन दारात उभे.

"चल. भिंत ऐकल्याबिगर हात लावशील, तर घर पाडशील त्यांचं."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते वर्षानं पहिल्यांदा रस्त्यावर आले. गिरदावरांच्या अंगणात पोचलो. साहेबांनी आम्हा दोघांना पाहिलं आणि ते म्हणाले, "मिस्त्री पण आलेत? बरं झालं. यांना खुशाल आत घेऊन जा, बाई. यांच्यापासून कसला आलाय पडदा!"

ते चांगल्या मनानंच म्हणाले. पण माझ्या खांद्यावरचा हात लाकडासारखा झाला. मला वाटलं, हे आता माघारी फिरणार.

तेवढ्यात आतून बाईचा, हलीमाबींचा, आवाज आला. "नक्को साब. आंख्याँ गई तो क्या हुआ? मरद नैं क्या वो? पडदा लगाव."

साहेब ओशाळले. खोलीत आडवी दोरी बांधली गेली, तिच्यावर जाड निळी चादर आली. चादरीपलीकडं हलीमाबी आणि अंथरुणावरची नणंद, अलीकडं आम्ही आणि भिंत. डोळे गेलेल्या माणसासाठी त्या घरानं पडदा बांधला.  मालकांनी खोलीत शिरताना पागोटं सारखं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ओट्यावर न्हावी बसलेला आणि हे त्याच्यापुढं दाढीला साबण लावून.

मग त्यांनी भिंत ऐकली. मी आजवर ते काम घाईघाईनं होताना पाहिलं होतं. त्या दिवशी ते सावकाश पाहिलं. करणीची लाकडी मूठ घेऊन ते जोत्यापासून सुरू झाले आणि हाताला लागेल तिथपर्यंत ठोकत गेले. विटेला धरून असलेला गिलावा ठणठणीत वाजतो. सुटलेला 'बद्द' वाजतो, आत पोकळी आहे असं सांगतो. वरचा भाग मी त्यांच्या सांगण्याप्रमाणं शिडीवरून ठोकला, त्यांनी खालून कान दिला. जिथं 'बद्द' आलं तिथं मी कोळशानं रेघ मारली. शेवटी बघते तर कोपऱ्यातला जुना चुन्याचा थोडा भाग सोडून सगळी भिंत रेघांच्या आत.

"अवो, सगळंच गेलंय," मी म्हणाले.

"सगळं न्हाय. कोपरा चांगला हाय. जे धरून हाय त्याला हात लावायचा न्हाय."

पडद्यामागून हलीमाबींनी विचारलं, "मिस्तरी, हे पडलं कशामुळं? सिमिट तर मजबूत असतं म्हणतात."

"मजबूत असतं, बीबी. त्योच वांधा झाला," मालक म्हणाले. डोळे गेल्यापासून परक्या माणसाशी त्यांचं हे पहिलं बोलणं. "ही जुनी वीट आन चुना. ही भिंत पावसात पाणी पिती आन उन्हाळ्यात सोडती. वर सिमिटाचा कातडा चढिवला. पाणी आत आलं, पर बाहीर जायला वाट न्हाय. संगट लोणा आला, त्यो आतून फुगला, त्यानं कातडा ढकलून दिला. सिमिटाची चूक न्हाय. नव्या भिंतीला चांगलं हाय ते."

छिन्नी-हातोडीनं मी सिमेंट उतरवायला लागले. जोर केला की विटेचा तोंडचा पापुद्रा सिमेंटसंगं निघून यायचा, म्हणून कडेनं, तिरपी छिन्नी धरून. मऊ पडलेल्या विटा कोरून काढल्या, तिथं नव्या बसवल्या. विटांचे सांधे बोटभर खोल उकरले, म्हणजे नव्या गिलाव्याला धरायला जागा मिळते. मग खराट्यानं कोरडंच झाडलं. लोणा पाण्यानं धुवायचा नसतो. धुतला की परत भिंतीतच जातो. आणि मग काम थांबवलं. भिंतीला वाळू द्यायचं. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. मिस्त्री बसून राहिलाय असं त्याला वाटतं. गिरदावर साहेब मात्र रोज सकाळी येऊन भिंतीकडं बघायचे, मान हलवायचे आणि आम्हाला चहा पाठवायचे.

सगळी भिंत वाळली, पण खाली एक टोपलीएवढा डाग काही सुकेना. मालकांनी तळवा ठेवला, मग गाल टेकवला. "इथं रोज पानी येतंय. दिवसातनं लई येळा, थोडं थोडं."

मी बाहेरून फिरून भिंतीच्या मागं गेले. तिथं बरोबर त्याच जागी एक गुळगुळीत दगड, शेजारी तांब्या. साहेब रोज पाच वेळच्या नमाजाआधी वजू करायचे, हातपाय-तोंड धुवायचे, ते त्या दगडावर बसून. सगळं पाणी भिंतीच्या पायाशी मुरत होतं.

मी येऊन मालकांच्या कानात सांगितलं. "आता ह्ये साहेबांस्नी सांगायचं कुणी?"

"तू सांग."

"म्या? म्या न्हाय सांगायची."

आमची कुजबुज पडद्यामागं ऐकू गेली. "क्या हुआ?" हलीमाबी म्हणाल्या. मालकांनी लई अदबीनं, शब्द निवडत, सगळं सांगितलं.  पडद्यामागं हसू फुटलं. अंथरुणावरच्या नणंदबाई सुद्धा खोकत खोकत हसायला लागल्या. हलीमाबींनी तिथूनच हाक मारली, "अजी, सुने क्या? घर पोरगा नाही विकत, घर तुम्ही पाडताय!"

साहेब दारात आले. ऐकून घेतलं. चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या वजूच्या पाण्यानं?" मग स्वतःच दाढीवरून हात फिरवून हसले. "अल्लानं पाणी मला दिलं होतं, मी भिंतीला पाजत बसलो." संध्याकाळच्या आत तो दगड अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाच्या बुडाशी गेला. डाग हळूहळू सुकला.

आता गिलाव्याचा दिवस आला. आदल्या दिवशीपासून भिंतीवर पाणी मारलं, विटांची तहान भागेपर्यंत. कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि गिलावा जळतो. चुना मी स्वतः केलेला, त्याबद्दल मला चिंता नव्हती. चिंता हाताची होती. पहिला थर लावायचा नसतो, फेकायचा असतो. करणीवर गोळा घेऊन मनगटाचा झटका द्यायचा, गोळा सांध्यात घुसून बसला पाहिजे. चुलीमागं मी लिंपलं होतं, असं फेकलं नव्हतं.

मी फेकला. तो भिंतीला लागला आणि घसरून खाली आला. दुसराही. तिसरा थोडा बसला, अर्धा पडला. जमिनीवर चुन्याचा ढीग व्हायला लागला. प्रत्येक वेळी पडल्याचा आवाज खोलीभर व्हायचा आणि तो सगळ्यांना ऐकू जायचा. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मनगाट," मालक म्हणाले. मी फेकला. पडला. "दंड न्हाय, मनगाट!" परत पडला. "दे हिकडं!" म्हणून त्यांनी चाचपत माझ्या हातातली करणी ओढून घेतली.

डावा हात भिंतीला लावून त्यांनी अंतर घेतलं आणि फेकला. छप्प! कसा बसला म्हणून सांगू, जणू तिथलाच. त्यांचा चेहरा उजळला. दुसरा घेतला, एक पाऊल सरकले, फेकला. बसला. तिसऱ्याला ते आणखी सरकले. तिथं भिंत संपून पडदा सुरू होत होता. मी "अवो!" म्हणेपर्यंत हात सुटला होता. गोळा भिंतीची कड चुकवून सरळ निळ्या चादरीवर आपटला. पलीकडं हलीमाबी बसल्या होत्या; त्या "या अल्ला!" म्हणून ओरडल्या.

मालकांच्या हातातून करणी पडली. मला वाटलं, आता शरमेनं हे निघून जातील. ते पडद्याच्या दिशेनं एक पाऊल पुढं झाले, थांबले, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी चुना उडाला त्या दिवशी हौदापाशी ऐकलेला आवाज होता.

"डोळ्यात गेलं का? बीबी, डोळ्यात तर न्हाय ना गेलं? शेवंता, पानी आन! पानी आन बिगी!"

"न्हाय न्हाय, मिस्तरी," हलीमाबी पलीकडून म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. "काही नाही झालं. पडदा होता ना."

मालक तिथंच खाली बसले.   चादरीवरचा चुना हळूहळू ओघळत होता. मग हलीमाबी परत बोलल्या, अगदी हळू. "मिस्तरी, चादर धुता येते. तुम्ही फेकलेलं मी ऐकलं. दोन बसले. कसे बसले ते तुमच्या बाईला सांगा. तिला दिसतं, तुम्हाला येतं. दोघं मिळून एक भिंत होत नाही का?"

मालकांनी जमिनीवर चाचपून करणी शोधली, धोतराला पुसली आणि माझ्या हातात दिली. आजवर त्यांनी मला हजार वस्तू दिल्या असतील; करणी कधी दिली नव्हती. ती परत त्यांनी मागितली नाही, शेवटपर्यंत.

"खांदा सैल सोड," ते म्हणाले. "शेण्या थापतीस तशी. भाकरी उलथतीस तसं मनगाट. भिंतीवर रागव जरा."

शेवटचं ते सोपं होतं. त्या वर्षभरात राग लई साठला होता. मी फेकला.

"न्हाय."

परत फेकला.

"जवळ आलं."

परत. छप्प! तो आवाज मलाही कळला.

"व्हय!" ते म्हणाले, आणि पडद्यामागून त्याच वेळी दुसरं "हौ!" आलं.

त्यानंतर ते भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि मी काम करायची. फेकण्याच्या आवाजावरून ते सांगायचे, इथं चुना पातळ झाला, इथं सांधा रिकामा राहिला, इथं भिंत कोरडी पडलीय, पाणी मार. पहिला थर खरबरीत ठेवला, ओरखडे काढले, आवळून घट्ट होऊ दिला. मग दुसरा थर. फळी लावून सपाट केला, वर लाकडी रंधा, म्हणजे मुठीची फळी, फिरवला. शेवटी बारीक चुन्याचा हात देऊन गुळगुळीत गोट्यानं घोटला. घोटताना खोलीत 'सुर्र सुर्र' असा एकसारखा आवाज होतो. नणंदबाईंना त्या आवाजानं झोप लागायची. माझ्या बोटांना चुन्यानं भोकं पडली, हलीमाबी पडद्याखालून खोबरेल तेलाची वाटी सरकवायच्या.

काम झालं त्या दिवशी साहेबांनी भिंतीवर तळवा फिरवला आणि म्हणाले, "मिस्त्री, हात तोच आहे तुमचा."

"न्हाय साहेब," मालक म्हणाले. "माझा हात येवढा नाजूक नव्हता."

घरी जाताना वाटेत त्यांनी मला विचारलं, "बीबी दिसायला कशा हायेत गं?"

"म्या न्हाय सांगायची," मी म्हणाले. "तुमच्यापासनं पडदा धरलाय त्यांनी."

ते रस्त्यात थांबून हसले. साहेब दारात आले त्या दिवशीचं हसू नव्हे, पहिलं, लग्नानंतरचं. लोक वळून बघायला लागले.

पुढचा पावसाळा जोराचा झाला. पाऊस उघडल्यावर साहेबांचा निरोप आला, या आणि भिंत ऐका. दोरी बांधलेली होती, चादर धुतलेली होती. मालकांनी जोत्यापासून वर सगळी भिंत ठोकली. सगळीकडं ठणठणीत. हैदराबादचा मुलगा सणाला आला होता. त्यानं स्वतः ठोकून पाहिली आणि घर विकायचं बोलणं बंद केलं. हलीमाबी त्याच खोलीत राहिल्या आणि लई वर्षांनी त्याच खोलीत गेल्या. त्यांच्या मागं साहेबही फार राहिले नाहीत. घर दुसऱ्याकडं गेलं. त्या नव्या लोकांनी ती भिंत खरवडून काढली आणि चकचकीत फरशा बसवल्या, असं कळलं. मी बघायला गेले नाही. आता चुन्याच्या घाणी राहिल्या नाहीत, बैल राहिले नाहीत, आणि जुन्या भिंतीला काय सोसतं हे विचारायला कुणी थांबत नाही. वाईट वाटतं. पण त्या भिंतीनं माझ्या देखत जेवढे पावसाळे काढले, त्यांतल्या एकातही तिची ढलपी सुटली नाही. हे मी कुणापुढंही सांगेन.

त्या पावसाळ्यानंतर आम्हाला पहिलं बाहेरचं काम आलं ते बेंबळीहून. मोठा शेतकरी, घराच्या पुढचा विटांचा जुना सोपा, गिलावा पार सुटलेला. आम्ही एसटीनं गेलो. घरधनी आणि त्याचे भाऊ अंगणात उभे होते. घरधन्यानं मालकांना रामराम घातला, त्यांचे डोळे पाहिले आणि गोंधळला. शेजारी मी, पाटी डोक्यावर, पाटीत सामान.

"मिस्तरी," तो मालकांना म्हणाला, "तुमचं नाव लई ऐकलं. पर काम कसं करनार तुमी? गवंडी कोन आनलाय संगं?"

मालक खांद्यावरचा हात काढून बाजूला झाले. "म्या भिंत ऐकतो," ते म्हणाले. "गवंडी ही हाय. तिला इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरधन्याचा धाकटा भाऊ हसला, मग त्यानं हसणं आवरलं.  मी पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि त्या सोप्याच्या भिंतीकडं वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं.

"शिडी आना," मी म्हणाले.